ब्रिटनमधले आजचे वृंदगान

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या रसिकांच्या डोळ्यांपुढे बहुधा व्हायोलिनांचा ताफा, भला मोठा पियानो आणि हातात छडी घेऊन उभा असलेला संचालक एवढ्याच गोष्टी येतात. माणसाचा गळा त्या चित्रात नसतो. असलाच तर ऑपेरातला, म्हणजे एकट्यादुकट्याचा. ब्रिटनच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे. जर्मनांनी सिंफनी मोठी केली, इटालियनांनी ऑपेरा मोठा केला. इंग्रजांनी शतकानुशतके निष्ठेने जपले ते वृंदगान. आणि जपले म्हणजे पेटीत घालून, कुलूप लावून जपले असे मात्र समजू नका. त्या देशात आजही वृंदगानासाठी नव्या रचना होत असतात, त्या गाणारे तरबेज गायक आहेत आणि त्या आवडीने ऐकणारा श्रोताही आहे. हे त्यांना कसे साधते, आणि ते साधत राहण्यात अडचण कोणती, याचा थोडा विचार या भाषणात करावयाचा आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. शाळेतली प्रार्थना, देवळातली आरती, वारीतला अभंग ही सर्व आपल्याकडे मंडळींनी मिळून गायची गाणी आहेत. पण तेथे सर्वांची चाल एकच असते. आरतीत प्रत्येकाची पट्टी वेगळी लागते हे खरे. पण ते कोणी ठरवून करीत नाही! ब्रिटिश वृंदात एकाच वेळी निदान चार चाली चालू असतात. बायकांचा किंवा लहान मुलांचा उंच आवाज तो सोप्रानो, त्याच्या खालचा तो आल्टो, पुरुषांचा चढा आवाज टेनर, आणि खर्जातला तो बास. प्रत्येक विभागाचे स्वर वेगळे लिहिलेले असतात, आणि चारही मिळून जो स्वरमेळ होतो तो ऐकायचा असतो. साथीला कधी ऑर्गन असतो, पुष्कळदा काहीच नसते. आपले संगीत एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर वाहत जाते. यांचे संगीत तसे वाहतेच, पण प्रत्येक क्षणाला ते इमारतीसारखे खालपासून वरपर्यंत रचलेलेही असते. गोव्यातल्या वाचकांना यात नवे काहीच वाटणार नाही. चर्चच्या शाळांतून त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी शिकविली गेली, आणि मांडो दोन आवाजांत म्हणायची तेथे रीतच आहे. मुंबईतही व्हिक्टर परंज्योती यांनी उभा केलेला वृंद जुन्या रसिकांना ठाऊक आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. या कलेचे घर चर्च. ब्रिटनमधल्या मोठ्या चर्चांना, म्हणजे कॅथीड्रलांना, आणि काही जुन्या महाविद्यालयांना स्वतःचे वृंद असतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला 'ईव्हनसाँग' म्हणतात. ती पुष्कळ ठिकाणी आठवड्यातले बहुतेक दिवस गाऊनच होते. केंब्रिजचे किंग्ज कॉलेज १४४१ मध्ये सहाव्या हेन्री राजाने स्थापन केले. आजही तेथल्या वृंदात सोळा लहान मुले आणि कॉलेजात शिकणारे सुमारे चौदा तरुण असतात. मुले आठ-नऊ वर्षांची असताना येतात आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास, आवाज फुटायच्या बेताला, बाहेर पडतात. तेवढ्या चार-पाच वर्षांत त्यांच्या गळ्यावरून किती शतकांचे संगीत जाते, याची कल्पना करून पहा. आज सोळाव्या शतकातला विल्यम बर्ड, उद्या गेल्या वर्षी लिहिलेली रचना; तालमीला वेळ थोडा, आणि संध्याकाळ तर रोज ठरल्या वेळी होणारच. म्हणून समोरचा कागद पाहून ताबडतोब गाण्याची विद्या त्यांच्या अंगी इतकी मुरते, की मोठे झाल्यावर ते कोणत्याही वृंदात उभे राहू शकतात. तसं पाहिलं तर ही आपल्या घराण्यांच्या तालमीसारखीच तालीम आहे. फरक एवढाच, की आपला शिष्य गुरूच्या गळ्यातून शिकतो आणि हा पोरगा कागदावरून.

पण रोजची प्रार्थना म्हणजे जुनेच पाठ पुन्हा पुन्हा म्हणणे, असेही नाही. किंग्ज कॉलेजात १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशी नऊ पाठ आणि नाताळगीते यांची प्रार्थना होते. बी.बी.सी.ने ती १९२८ मध्ये प्रथम प्रक्षेपित केली, आणि १९३० चा अपवाद सोडला तर दरवर्षी ती जगभर ऐकली जाते. आरंभीचे पहिले कडवे एकटा मुलगा म्हणतो. तो कोण, हे पुष्कळदा नभोवाणीचा लाल दिवा लागण्याच्या जरासे आधी संचालक बोट दाखवून ठरवतात. आधी सांगितले तर पोर रात्रभर झोपायचे नाही, हे त्यातले शहाणपण. १९८२ ते २०१९ या काळात तेथे संचालक असलेल्या स्टीफन क्लिओबरी यांनी १९८३ पासून आणखी एक पायंडा पाडला: दरवर्षी एका हयात संगीतकाराकडून एक नवे नाताळगीत लिहवून घ्यायचे. पहिल्या वर्षी लेनॉक्स बर्कली, १९८५ मध्ये ज्युडिथ विअर, १९९० मध्ये एस्टोनियाचे आर्व्हो पेर्ट. परंपरेच्या नेमक्या सर्वांत गजबजलेल्या दिवशी नव्याला जागा द्यायची, याला धारिष्ट लागते. लोक जुनी गीते ऐकायला बसलेले असतात. त्यांच्या कानांवर तीन-चार मिनिटे अनोळखी काही घालायचे आणि ते सवयीचे होईपर्यंत वाट पाहायची. यातल्या कित्येक रचना आता दूरदूरच्या वृंदांच्या तोंडी बसल्या आहेत.

नवे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) यांनी १९८२ मध्ये विल्यम ब्लेकच्या 'कोकरू' या कवितेला चाल लावली. नात्यातल्या तीन वर्षांच्या बालकाच्या वाढदिवसासाठी एका दुपारी लिहिलेली ही रचना. इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे ही कविता वर्षानुवर्षे छापील अक्षरांत असते. टॅव्हनरने तिच्यातली निरागसता स्वरांत कशी आणली पहा. आरंभी मुले एकटीच एक साधी, पाळण्यासारखी ओळ म्हणतात. दुसऱ्या वेळी खालचा आवाज येतो, तो त्याच ओळीचे आरशातले प्रतिबिंब होऊन. वरचा आवाज षड्जावरून शुद्ध गंधारावर चढला, की खालचा तितकाच उतरून मंद्र सप्तकातल्या कोमल धैवतावर जातो. वरचा ऋषभावर आला, की खालचा कोमल निषादावर. दोन्ही ओळी अगदी सरळ, पण एकत्र येताना स्वर एकमेकांना घासतात आणि कान क्षणभर दचकतो. पुढे पालुपद येते ते चारही आवाजांत, साध्या गोड मेळात. दचकलेला कान तेथे विसावतो. एवढीच करामत. पण ती चांगल्या हौशी वृंदालाही जमण्याजोगी आहे, म्हणून ती सर्वत्र गेली.

याच टॅव्हनरची आणखी एक रचना आपल्यापैकी पुष्कळांनी नकळत ऐकली असेल. ६ सप्टेंबर १९९७ रोजी राजकन्या डायानाच्या अंत्यविधीत शवपेटी वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर नेताना जे गायले गेले, ते त्यांचे 'सॉंग फॉर अथीन'. ते १९९३ मध्ये, अपघातात गेलेल्या एका परिचित तरुणीच्या स्मरणार्थ लिहिले होते. त्यात खर्जाचे गायक आरंभापासून अखेरपर्यंत एकच स्वर धरून ठेवतात आणि बाकीचे आवाज त्यावर हलत राहतात. आपल्या कानाला हा तंबोराच वाटतो. टॅव्हनरने तो पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या गायनातून घेतला. १९७७ मध्ये त्यांनी तो पंथ स्वीकारला होता. पुढे त्यांचे कुतूहल आणखी पूर्वेकडे वळले. २००३ च्या जूनमध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्यांची 'द व्हेल ऑफ द टेंपल' ही सुमारे सात तास, रात्रभर चालणारी रचना झाली. आपल्याकडे रात्रभराची मैफल नवी नाही. लंडनला ती अपूर्वाई होती. त्या रात्री सोप्रानो गायिका होती पॅट्रिशिया रोझारियो, आपल्या मुंबईत जन्मलेली आणि वाढलेली. टॅव्हनरने तीसहून अधिक रचना तिचा आवाज मनात धरून लिहिल्या. या विषयाशी आपला संबंध असा सरळ गळ्याचाच आहे.

दुसरे नाव घ्यायचे ते जेम्स मॅकमिलन यांचे. जन्म १९५९, स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये. बालपण गेले कमनॉक या कोळशाच्या खाणींच्या गावात. आजोबा स्वतः खाणकामगार. या गृहस्थांची कीर्ती आता एवढी, की एलिझाबेथ राणीच्या अंत्यविधीसाठी, १९ सप्टेंबर २०२२ रोजी, त्यांची नवी रचना गायली गेली. आणि त्यांची 'स्टाबात मातेर' २०१८ मध्ये खुद्द व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये झाली. ती गाणारा वृंद हॅरी क्रिस्टोफर्स यांनी १९७९ मध्ये काढलेला, 'द सिक्स्टीन'. पण मला त्यांची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. ग्लासगोच्या मेरीहिल भागातल्या एका साध्या चर्चमध्ये मॅकमिलन कित्येक वर्षे वृंद चालवीत होते. गाणारे शेजारपाजारचे लोक, शिकलेले थोडे. त्यांच्यासाठी ते आठवड्याच्या आठवड्याला नवी चाल लिहून नेत. 'स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स' नावाची त्यांची चौदा गीतेही चांगल्या हौशी वृंदाला पेलतील अशा बेताने लिहिलेली आहेत. २०१४ मध्ये त्यांनी कमनॉकला संगीतोत्सव सुरू केला. खाणी बंद पडलेल्या त्या गावात मोठे वृंद येतात, आणि गावची माणसेही गातात.

येथे मला जे सांगावयाचे आहे ते येते. ब्रिटनमधला संगीतकार वृंदगान लिहितो ते कोणासाठी, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे बहुधा त्याला ठाऊक असते. त्याच्यापुढे एक इमारत असते, तिच्यात आवाज किती वेळ घुमतो ते त्याला माहीत असते. गाणाऱ्यांचे गळे त्याच्या ओळखीचे असतात. अशा मागणीतून रचना होते, मग ती छापली जाते आणि शंभर ठिकाणी जाते. या साखळीला तीन कड्या आहेत. जेथे मूल शिकते तो चर्चचा वृंद ही पहिली. जेथे नवी, अवघड रचना प्रथम उभी राहते तो पगारी गायकांचा वृंद ही दुसरी. आणि जेथे ती लोकांची होते तो हौशी मंडळींचा वृंद ही तिसरी. या तिसऱ्या कडीचा विस्तार मोठा आहे. हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गावातली 'कोरल सोसायटी' १८३६ पासून चालू आहे. ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वूस्टर या तीन कॅथीड्रलांच्या वृंदांच्या उत्सवाने २०१५ मध्ये तीनशे वर्षे पुरी केली. दिवसा बँकेत, शाळेत, इस्पितळात काम करणारी माणसे आठवड्यातून एकदा संध्याकाळी जमतात आणि बाखपासून आजच्या रचनांपर्यंत सर्व गातात.

तिन्ही कड्या एकाच माणसात पाहावयाच्या असतील तर बॉब चिलकॉट यांचे नाव घ्यावे. जन्म १९५५. लहानपणी किंग्जच्या वृंदात, कॉलेजच्या वयात पुन्हा त्याच वृंदात, मग बारा वर्षे 'किंग्ज सिंगर्स' या सहा पुरुषांच्या प्रसिद्ध संचात धंदेवाईक गायक, आणि १९९७ पासून पूर्ण वेळ संगीतकार. त्यांनी वेल्स कॅथीड्रलसाठी लिहिलेल्या 'सेंट जॉन पॅशन'मध्ये (२०१३) मधूनमधून श्रोत्यांनीही उभे राहून गायचे असते. श्रोता गाऊ शकतो, हे तेथे गृहीत आहे! ज्युडिथ बिंगम यांचेही तसेच: १९८३ पासून बारा वर्षे त्या बी.बी.सी.च्या वृंदात गात होत्या आणि पुढे त्याच वृंदासाठी लिहू लागल्या.

बी.बी.सी.चा हा वृंद, म्हणजे 'बी.बी.सी. सिंगर्स', ही मधली कडी. नभोवाणी केंद्रासाठी १९२४ मध्ये तो उभा राहिला. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी या वृंदाने बेंजामिन ब्रिटन या वीस वर्षांच्या पोरसवदा संगीतकाराची 'अ बॉय वॉज बॉर्न' ही अवघड रचना नभोवाणीवर प्रथम गायली. देशाच्या नावाशी त्याच्या आडनावाचे साम्य आहे ते उच्चाराचे, इंग्रजी स्पेलिंगचे नव्हे. योगायोग असा, की त्याच दिवशी एडवर्ड एल्गार हे इंग्रजी संगीतातले वडीलधारे वारले. १९४५ च्या मार्चमध्ये, युद्ध संपण्याआधी, फ्रान्सिस पूलँक यांनी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये लिहिलेली बारा आवाजांची 'फिगूर ह्यूमेन' लंडनमध्ये प्रथम ऐकू आली, तीही बी.बी.सी.च्याच गायकांच्या तोंडून. कागदावरची अशी रचना ऐकण्याजोगी करायला वीस माणसे लागतात, आणि त्यांना महिन्याचा पगार लागतो.

नेमका हा पगारच संकटात आला. ७ मार्च २०२३ रोजी बी.बी.सी.ने जाहीर केले, की हा वृंद बंद करण्यात येईल. पैसा अपुरा आहे, एका वृंदावर तो खर्चण्यापेक्षा देशभरच्या अनेक वृंदांना द्यावा, असे कारण सांगितले गेले. हे कारण अगदीच टाकाऊ नव्हते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. सार्वजनिक पैसा वीस गायकांवर का खर्चावा, हा प्रश्न कोणीही विचारावा असाच आहे. पण उत्तर मोठ्या आवाजात आले. शेकडो संगीतकारांनी जाहीर पत्र लिहिले, दीड लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. त्यांत हौशी वृंदांत गाणारी सामान्य माणसेही होती. धंदेवाईक गायक गेले तर आपल्याला तेवढी मोकळीक, असे त्यांना वाटले नाही. नवी रचना प्रथम कोणीतरी बिनचूक गाऊन दाखवावी लागते, तेव्हा ती आपल्यापर्यंत उतरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. २४ मार्चला निर्णय स्थगित झाला. पुढे 'व्होसेस-एट' या आठ गायकांच्या संचाशी निगडित असलेल्या प्रतिष्ठानाच्या सहकार्याने मार्ग निघाला, आणि २०२४ मध्ये या वृंदाने आपली शंभरी साजरी केली. शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर नाहीसे होता होता तो वाचला.

पहिल्या कडीतही सर्व आलबेल नाही. शतकानुशतके कॅथीड्रलच्या वृंदात मुलींना जागा नव्हती. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली; मुलांच्या आवाजाचा 'तो' रंग जाईल म्हणाले. रंग काही गेला नाही. एकामागून एक कॅथीड्रले त्या वाटेने गेली, आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ मध्ये आपल्या मुख्य वृंदातच मुलींना घेतले. पैशाचा प्रश्न मात्र तसाच आहे. वृंदातली मुले बहुधा खर्चिक खाजगी शाळांतून शिकतात. कॅथीड्रले शिष्यवृत्त्या देतात. तरीही गरिबाघरचे मूल तेथवर सहज पोहोचते असे म्हणता येत नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

आणि दरवाजे उघडले की काय होते, हे ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्स राजाच्या राज्यारोहणात दिसले. त्या प्रसंगासाठी बारा नव्या रचना करवून घेतल्या होत्या. पॉल मीलर यांच्या रचनेतून राज्यारोहणाच्या समारंभात वेल्श भाषा प्रथमच उमटली. जुन्या दगडी ॲबीत कृष्णवर्णीय गायकांचा गॉस्पेल वृंद टाळ्या-डोलण्यासह गायला. आणि या सर्व संगीताचे सूत्रधार होते अँड्र्यू नेथसिंघा; त्यांचे वडील, तेही कॅथीड्रलचे ऑर्गनवादक, कोलंबोचे. ज्युडिथ विअर या तेव्हा राजदरबारच्या संगीतकार होत्या, त्या मानाच्या जागेवर बसलेली पहिली स्त्री. २०२४ मध्ये त्यांच्या जागी आल्या त्या एरलिन वॉलन, जन्माने मध्य अमेरिकेतल्या बेलिझच्या. चारशे वर्षांपूर्वीचा बर्ड त्या दिवशीही गायला गेलाच.

तुम्ही म्हणाल, त्यांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, संगीत वेगळे. आम्ही हे ऐकावे कशाला? धर्माचे म्हणाल तर गाणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत नास्तिकही पुष्कळ आहेत. ते स्वरांसाठी येतात. आणि भजनाचा आनंद घ्यायला विठ्ठलावर श्रद्धा असलीच पाहिजे, असे आपण तरी कोठे म्हणतो? मला वाटते, ऐकण्याची एक सोपी युक्ती आहे. प्रथमच चारही आवाज धरू नयेत. एकदा फक्त वरचा आवाज ऐकावा, दुसऱ्यांदा फक्त खर्ज, आणि तिसऱ्यांदा कान मोकळा सोडावा. 'कोकरू' तीन-साडेतीन मिनिटांचे आहे. तीनदा ऐकायला दहा मिनिटे पुरतात.

आणि २४ डिसेंबरला घरी असाल तर किंग्जची प्रार्थना ऐका. तेथे दुपारचे तीन वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. प्रथम एका मुलाचा एकटा आवाज येईल. पुढे केव्हातरी, जुन्या ओळखीच्या गीतांच्या मध्ये, त्याच वर्षी लिहिलेले एक गीत येईल. ते तुमच्याइतकेच त्या चॅपलमध्ये बसलेल्या लोकांनाही अपरिचित असेल. तेव्हा आपल्याला यातले काही समजत नाही म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. तेवढी चार मिनिटे तुम्ही आणि ते अगदी एका पंक्तीला बसलेले असाल.